दाखल्यावरची शाई आणि कागदाची खळ

ग्रामीण नागरिक आणि शासन यांच्यामधील व्यवहार पुष्कळ अंशी कागदावर चालतो. जन्माची नोंद, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासाचे प्रमाणपत्र, जमिनीचा उतारा हे कागद कुटुंबाच्या पेटीत वर्षानुवर्षे जपून ठेवले जातात व गरज पडेल तेव्हा बाहेर काढले जातात. एके काळी ते हाताने लिहिले जात. पुढे टंकलेखन यंत्र आले, आणि आता ग्रामपंचायतीत, शाळेत व सेवा केंद्रात संगणकाशेजारी छपाईचे यंत्र दिसते. यांपैकी बरीच यंत्रे शाईचे सूक्ष्म तुषार सोडून छापणारी, म्हणजे इंकजेट प्रकारची असतात. त्यांना वीज थोडी लागते, त्यामुळे वीज गेल्यावर ती इन्व्हर्टरवरही चालतात. रंगीत छपाईही स्वस्तात होते.

तथापि या छपाईविषयी एक तक्रार सार्वत्रिक आहे. मंठा किंवा घनसावंगी तालुक्यातील एखादा शेतकरी दाखल्याची घडी खिशात घालून जालन्याला येतो. वाटेत घाम लागतो, पावसाळा असला तर चार थेंब पडतात, आणि कार्यालयाच्या खिडकीशी घडी उलगडावी तो अक्षरे पसरलेली दिसतात. पुष्कळदा तर कागद यंत्रातून बाहेर येतो तेव्हाच अक्षरांच्या कडा लोकरीसारख्या झालेल्या असतात. अशा वेळी दोष यंत्राला किंवा शाईला दिला जातो. वस्तुतः या दोषाचा मोठा वाटा कागदाच्या पृष्ठभागाकडे जातो, आणि कार्यालयात सर्वांत कमी विचार होतो तो कागदाचाच. स्वस्त दराचे रीम मागविले की ते प्रकरण संपते.

थेंबाचा प्रवास

इंकजेट यंत्राच्या मुद्रणशीर्षात केसाहून बारीक छिद्रांच्या रांगा असतात. काही यंत्रांत शाई क्षणभर तापवून तयार होणाऱ्या वाफेच्या बुडबुड्याने, तर काहींत विजेच्या दाबाने आकार बदलणाऱ्या स्फटिकाच्या धक्क्याने थेंब बाहेर फेकला जातो. चार पिकोलिटर आकारमानाचा थेंब घेतला, तर त्याचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे पन्नासाव्या भागाएवढा भरतो. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटींवा भाग होय. इंचाला ६०० ठिपके या प्रमाणात छापावयाचे तर दोन ठिपक्यांमधील अंतर मिलिमीटरच्या चोविसाव्या भागाच्या आसपास येते. म्हणजे थेंब कागदावर पडून दुप्पट रुंदीपर्यंत पसरला तर ठिपके एकमेकांना नेमके भिडतात आणि सलग काळी रेघ मिळते. तो तिप्पट पसरला तर मात्र शेजारच्या ठिपक्यावर चढतो आणि रेघेची कड जाते.

थेंब किती पसरावा हे कागद ठरवितो. शाईत मुख्यत्वे पाणी असते आणि कागद हे सेल्युलोजच्या तंतूंचे जाळे असते. या तंतूंना पाण्याची मोठी ओढ असते. तंतूंमधील फटी अतिसूक्ष्म नळ्यांप्रमाणे शाई ओढून घेतात. दिव्याची वात तेल ओढते तसाच हा प्रकार आहे. सच्छिद्र पदार्थात द्रव किती वेगाने शिरतो याचे गणित वॉशबर्न या शास्त्रज्ञाने १९२१ मध्ये मांडले. फटी जितक्या मोठ्या आणि तंतू जितके पाणी धरणारे, तितका द्रव लवकर आत जातो. ही ओढ सर्व दिशांना सारखी नसते. एखादा लांब तंतू आडवा असेल तर शाई त्याच्या अंगाने धावत जाते व अक्षराला केसासारखे फाटे फुटतात. यालाच आपण शाई फुटणे म्हणतो.

याच्या उलट टोकाचा दोषही तितकाच त्रासदायक असतो. कागद अगदीच पाणी न घेणारा, मेणचटासारखा असला तर शाई वरच ओली राहते, बोट लागताच पुसली जाते आणि दोन रंग शेजारी आले की एकमेकांत मिसळतात. म्हणून चांगला कागद म्हणजे शाई न शोषणारा कागद, असे समीकरण मांडता येत नाही. पाणी लवकर आत जावे, परंतु रंगद्रव्य वरच्या वर अडून राहावे, ही खरी अपेक्षा आहे. कागदावरील सारे पृष्ठसंस्कार या दोन परस्परविरोधी मागण्या जुळविण्यासाठीच केले जातात.

देवनागरीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. भ आणि म, ध आणि घ या जोड्यांमध्ये मुख्य फरक आहे तो शिरोरेषेतील एका लहानशा फटीचा. लहान अक्षरांत शाई फुटली की ती फट बुजते. मग धनराजचा घनराज होतो, आणि नावातील या एका फरकापायी पुढे शपथपत्र करण्याची वेळ येते. अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेला चिकटतो, ऱ्हस्व-दीर्घ उकार ओळखू येत नाही. प्रमाणपत्रांवर येणाऱ्या क्यूआर चौकोनाची गतही अशीच होते. १९९४ साली जपानमध्ये तयार झालेल्या या सांकेतिक चौकोनाचा काही भाग, रचनेप्रमाणे सात ते तीस टक्क्यांपर्यंत, फाटला वा मळला तरी तो वाचता येतो. पण शाई सगळीकडे सारखीच पसरली तर बारीक पांढरे चौकोन एकसारखे बुजतात, आणि पडताळणी करणाऱ्याच्या भ्रमणध्वनीला काहीच उमगत नाही. कागद खरा असूनही तो खरा ठरविता येत नाही.

जांब आणि कागजीपुरा

ही विद्या आपल्या भागाला नवीन नाही. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली याच जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातल्या जांब या गावी झाला. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास त्यांनी लेखनक्रियेला वाहिला आहे. अक्षराचे वळण व काळेपण आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखे राहावे, कडेने मोकळी जागा सोडावी म्हणजे कागद झडला तरी अक्षर जाणार नाही, बोरू व शाई यांचा संग्रह कसा करावा, पोथी मेणकापडात व पेटीत कशी जपावी, अशा व्यावहारिक सूचना त्यांत आहेत. आजच्या अभिलेखपालाने तो समास एकदा वाचण्यास हरकत नाही. कडेने जागा सोडण्याची सूचना तर संगणकावर समास ठरविणाऱ्यालाही जशीच्या तशी लागू पडते.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तोपर्यंत जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हा सारा मुलूख ज्या औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडत असे, त्याच जिल्ह्यात दौलताबादजवळ कागजीपुरा हे गाव आहे. नावच त्याचा व्यवसाय सांगते. महंमद बिन तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादेस हलविली, तेव्हा आलेल्या कारागिरांनी येथे कागद करण्यास आरंभ केला, अशी परंपरा सांगतात. दख्खनच्या दफ्तरांत दौलताबादी कागदाचा मोठा लौकिक होता.

या जुन्या हातकागदाची कृती पाहिली तर तिचे दोन स्पष्ट भाग पडतात. चिंध्या व ताग चुन्याच्या पाण्यात मुरवून, ढेकीने कुटून, धुऊन लगदा करणे, तो हौदात कालवून साच्यावर उचलणे आणि ओला ताव भिंतीला लावून वाळविणे, हा पहिला भाग. येथपर्यंत तयार झालेल्या कागदावर लिहावयास घेतले तर तो टीपकागदासारखा वागेल. लिहिण्याजोगा कागद होतो तो दुसऱ्या भागात. वाळलेल्या तावाला दोन्ही अंगांनी पिठाची खळ दिली जाई, ताव पुन्हा वाळविला जाई, आणि मग फळीवर ठेवून गुळगुळीत दगडाने किंवा शंखाने चकाकी येईपर्यंत घोटला जाई. खळीने तंतूंमधील फटी बुजत, घोटण्याने वर आलेले तंतू दबून पृष्ठभाग एकसंध होई. बोरूने ओढलेली मोडी अक्षरांची ओळ अशा कागदावर न फुटता सरकत जाई.

शाईचाही येथे विचार केला पाहिजे. ती दिव्याच्या काजळीची, डिंकात घोटलेली असे. काजळी पाण्यात विरघळत नाही. तिचे कण कागदाच्या वरच्या थरात अडकून बसतात व डिंक त्यांना धरून ठेवतो. म्हणूनच शतकांपूर्वीची दफ्तरे आजही काळीभोर दिसतात. आजच्या ज्या काळ्या इंकजेट शाईला पिग्मेंट शाई म्हणतात, तिच्यातील रंगद्रव्य म्हणजे कारखान्यात तयार केलेली अतिबारीक काजळीच होय. दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे डाय शाईतील रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो. तो पाण्याबरोबर तंतूंत शिरतो आणि पुन्हा पाणी लागले की पुन्हा वाहतो.

कारखान्यातील खळ

यंत्रयुगात कागदाचे उत्पादन वाढले, तसा तावामागून ताव खळविणे अशक्य झाले. १८०७ मध्ये जर्मनीतील मोरित्स इलिग याने लगद्यातच राळ व तुरटी मिसळण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ती स्वस्त व सोपी होती, परंतु तुरटीमुळे कागदात आम्ल राहिले. आम्लाने सेल्युलोजच्या साखळ्या तुटतात, कागद पिवळा पडतो व घडीवर मोडतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील व विसाव्या शतकातील कितीतरी पुस्तके त्याहून जुन्या हातकागदाच्या पोथ्यांपेक्षा जीर्ण झालेली आढळतात, त्याचे एक मोठे कारण हे आहे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर आम्लाशिवाय काम करणारी द्रव्ये आली. त्यामुळे कागदात चुनखडीची पूड भरणे शक्य झाले. ही पूड कागद पांढरा करते व हवेतून येणारे आम्ल मारते. दीर्घकाळ टिकणाऱ्या कागदासाठी १९९४ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकात असा क्षारीय साठा किमान दोन टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका असावा, अशी अट आहे.

लगद्यातील या संस्कारानंतर बहुतेक लेखन-मुद्रण कागदांना यंत्रावरच वरून स्टार्चचा पातळ हात दिला जातो व रुळांतून दाबून गुळगुळीत केले जाते. दगडाऐवजी रूळ आले, एवढाच काय तो फरक. परंतु आपण ज्याला सर्रास झेरॉक्सचा कागद म्हणतो तो मूलतः कोरड्या पुडीने छापणाऱ्या यंत्रांसाठी तयार झालेला आहे. तेथे पूड उष्णतेने वितळून पृष्ठभागावर चिकटते, पाण्याचा संबंध येत नाही. त्यामुळे एखादा कागद छायाप्रतीसाठी उत्तम आणि इंकजेटसाठी सामान्य, असा अनुभव येतो तो चुकीचा नसतो.

इंकजेटसाठी केलेले खास संस्कार थोडक्यात सांगण्यासारखे आहेत. शाईतील रंगकणांवर व डायच्या रेणूंवर बहुधा ऋण विद्युत्भार असतो. कागदाच्या खळीत कॅल्शियमचा क्षार किंवा धनभारित बहुवारिक मिसळले, तर रंग स्पर्श होताच तेथेच साकळतो आणि पाणी तेवढे आत जाते. दुधात लिंबू पिळल्यावर चोथा वेगळा व्हावा तसे हे घडते. म्हणजे वर सांगितलेल्या दोन विरोधी मागण्या एकाच वेळी पूर्ण होतात. कार्यालयीन कागदाच्या काही वेष्टनांवर कलरलॉक ही खूण असते, ती या प्रकारच्या संस्काराची. छायाचित्रांच्या कागदावर याहून पुढची पायरी असते. तेथे अतिसूक्ष्म सिलिका किंवा ॲल्युमिना बंधक द्रव्यात कालवून त्याचा सच्छिद्र थर दिलेला असतो. त्यातील फटी इतक्या बारीक व एकसारख्या असतात की थेंब वाटोळाच राहतो. हा कागद महाग असतो आणि दाखल्यांसाठी त्याची आवश्यकता नाही.

वर्गात करता येण्याजोगा प्रयोग

माध्यमिक शाळेत विज्ञान शिक्षकांना हा विषय दोन तासिकांत प्रत्यक्ष दाखविता येईल. भोकरदन-जाफराबादकडे मका पिकतो, आणि किराणा दुकानात मिळणारे कॉर्नफ्लॉवर म्हणजे मक्याचे स्टार्चच होय. तीन ग्रॅम स्टार्च थोड्या थंड पाण्यात कालवून, ते शंभर मिलिलिटरपर्यंत पाणी घालून शिक्षकांनी स्वतः ढवळत उकळावे. पांढरट पाणी पारदर्शक होऊन किंचित दाटले की खळ तयार झाली. ती गाळून घ्यावी, गुठळी राहिली तर कागदावर डाग पडतो. यातील अर्धी खळ वेगळी काढून तिच्यात अर्धा ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड विरघळवावे. प्रयोगशाळेत हा क्षार ओलावा शोषण्यासाठी ठेवलेला असतोच.

थोडा जाड व शक्य तितका साधा कागद घ्यावा. सत्तर ग्रॅम वजनाचा पातळ कागद ओला झाला की फार सुरकुततो. एक ताव तसाच ठेवावा, दुसऱ्याला नुसती खळ, तिसऱ्याला क्षारयुक्त खळ मऊ स्पंजाने एकसारखी लावावी. ताव दोरीवर वाळवून रात्रभर वह्यांच्या गठ्ठ्याखाली दाबून ठेवावेत. खळ दिलेला आणखी एक ताव वाटीच्या गुळगुळीत तळाने घोटून पाहावा, कारण खळ आणि घोटाई यांचे परिणाम वेगवेगळे दिसले पाहिजेत. सर्व ताव पूर्ण वाळलेले व सपाट असतील तरच यंत्रात घालावेत. ओला किंवा पापुद्रे सुटणारा कागद यंत्राचे रूळ बिघडवील. मग सर्वांवर एकच मजकूर छापावा. भ, म, ध, घ ही अक्षरे लहानमोठ्या आकारांत, एक बारीक रेघ, एक काळा चौकोन आणि एक क्यूआर संकेत एवढे पुरे.

भिंगातून पाहिले असता साध्या तावावर रेघेला फुटलेले फाटे आणि खळीच्या तावावर तिची सरळ झालेली कड यांतील फरक विद्यार्थ्यांना बहुधा लगेच दिसतो. काळी शाई पिग्मेंट प्रकारची असेल तर क्षारयुक्त खळीवर काळेपणा अधिक गडद उतरतो. डाय शाई असेल तर हा फरक थोडाच जाणवतो, आणि नेमके हेच विद्यार्थ्यांना विचारण्याजोगे आहे. तासाभराने प्रत्येक तावावर पाण्याचा एकेक थेंब टाकावा. येथे एक भ्रम दूर होईल. नुसती खळ कागदाला जलरोधक करीत नाही. ती अक्षर रेखीव करते, परंतु पाण्यापासून रक्षण करण्याचे काम शाईच्या जातीवरच अवलंबून राहते. कुणी तुरटी वापरून पाहण्याचे सुचवील. तिच्यातील ॲल्युमिनियममुळे रंग काही अंशी पकडला जातो हे खरे, मात्र इलिगच्या कागदाचे जे झाले तेच या तावाचेही होईल. अशा तावावर तारीख घालून तो काही वर्षे जपून ठेवावा.

हा प्रयोग समजुतीसाठी आहे. घरी खळविलेला कागद दाखल्यांसाठी वापरू नये.

कार्यालयाने काय पाहावे

कागद घेताना पुरवठादाराकडून दोन-तीन प्रकारचे पाच-पाच ताव नमुन्यादाखल मागवावेत आणि कार्यालयाच्या यंत्रावर, नेहमीच्या शाईने, दाखल्याचा नेहमीचा नमुना छापून पाहावा. अक्षराची कड, मागच्या बाजूला उमटणारी छटा आणि अर्ध्या मिनिटाने बोट फिरविल्यावर पडणारा डाग, या तीन गोष्टी पाहिल्या म्हणजे पुरे. छपाई दोन्ही बाजूंनी पाहावी, कारण पुष्कळ कागदांच्या दोन बाजू सारख्या नसतात. काही रिमांच्या वेष्टनावर कोणती बाजू आधी छापावी याचा बाण असतो, आणि वेष्टन फाडून टाकताना तो बाणही जातो.

जिल्हा पातळीवर मोठी खरेदी असेल तर कॉब चाचणीचा आकडा मागता येतो. शंभर चौरस सेंटिमीटर क्षेत्रावर साठ सेकंद पाणी ठेवून, जादा पाणी टिपून, वाढलेले वजन मोजावयाचे व ते चौरस मीटरला किती ग्रॅम येते ते काढावयाचे, अशी ही पद्धत आहे. चौरस मीटरला पंचवीस ग्रॅम म्हणजे त्या तुकड्यावर पाव ग्रॅम. शतांश ग्रॅम दाखविणारा तराजू असलेल्या कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ही चाचणी करता येईल.

शाई विकत घेताना ती पिग्मेंट आहे की डाय हे विचारावे. पुष्कळ टाकीवाल्या यंत्रांत काळी शाई पिग्मेंटची आणि रंगीत शाया डायच्या असतात, तर काही यंत्रांत चारही डायच्या असतात. यंत्र ज्या जातीच्या शाईसाठी बनविलेले असेल तिच्याऐवजी दुसरी भरू नये, छिद्रे बुजतात. टिकाऊ दाखल्याचा मजकूर केवळ काळ्या शाईत छापला जाईल अशी व्यवस्था संगणकावर करून ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. निळ्या अक्षरांचा मोह अनेकांना आवरत नाही. तसेच कागद साधा असताना यंत्राला छायाचित्राचा कागद आहे असे सांगितले, तर ते गरजेपेक्षा अधिक शाई ओतते आणि चांगला कागदही फुटतो.

साठवणीकडे तर फारच दुर्लक्ष होते. उघडे रीम खिडकीत ठेवले की पावसाळ्यात ते हवेतील ओल पिऊन लाटांसारखे होते, आणि पारा चाळीस अंशांपार जातो त्या दिवसांत कोरडे पडून ताव एकमेकांना चिकटतात. लागतील तेवढेच ताव यंत्रात घालावेत, बाकीचे मूळ वेष्टनात गुंडाळून बंद कपाटात ठेवावेत.

राहिला प्रश्न लॅमिनेशनचा. दाखला हाती पडताच तो प्लॅस्टिकमध्ये बंद करण्याकडे लोकांचा कल असतो आणि त्यामागील काळजी समजण्यासारखी आहे. परंतु एकदा चिकटविलेले प्लॅस्टिक कागद न फाडता काढता येत नाही, त्यावर शिक्का वा पृष्ठांकन करता येत नाही, आणि आत राहिलेला ओलावा तेथेच कोंडतो. नुसत्या सुट्या प्लॅस्टिक पाकिटात ठेवलेला दाखला घामापासून व पावसापासून तितकाच सुरक्षित राहतो. दाखला देणाऱ्या कर्मचाऱ्याने कागद हाती देण्यापूर्वी शाई दोन-चार मिनिटे सुकू दिली आणि असे एक पाकीट सोबत दिले, तर वर वर्णन केलेली खिडकीवरची तक्रार बरीच कमी होईल.

ग्रामसभेतील गौरवपत्रे, शाळेतील पारितोषिके यांसाठी मात्र हातकागदाचा विचार अवश्य करावा. गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याच्या कार्यातून या धंद्याला नवे जीवन मिळाले, आणि पुण्याच्या हातकागद संस्थेची स्थापना १९४० ची आहे. आजचा हातकागद बहुधा सुती कापडाच्या कातरणांपासून होतो. तो बळकट असतो, परंतु त्याचा खडबडीत ताव इंकजेटखाली शाई फोडतो. मागणी नोंदविताना छपाईसाठी, खळ दिलेला व रुळांतून दाबलेला कागद हवा असे स्पष्ट लिहावे, वजन यंत्राला पेलेल एवढेच सांगावे, आणि पूर्ण मागणीपूर्वी दोन ताव छापून पाहावेत.